घराण्यातली कुस्ती आणि गावाची तालीम



संयोजकांनी आजच्या व्याख्यानाला 'मातीतले खेळ आणि आपली घराणी' असं नाव दिलंय. विषय मोठा आहे. कबड्डी, खो-खो, मल्लखांब, सगळं त्यात येतं. पण आम्ही मुख्यतः कुस्तीवरच बोलणार. एक तर आमच्या घरात आजोबांपासून सगळे लंगोट लावलेले, त्यामुळे त्यातलं थोडंफार कळतं. आणि दुसरं म्हणजे 'हा खेळ बापाकडून लेकाकडे जातो' असं आपण ज्या खेळाबद्दल सगळ्यात जास्त बोलतो, तो कुस्तीच. ते बोलणं कितपत खरं आहे, आणि ते खरं असणं खेळाच्या फायद्याचं आहे का, एवढंच आज बघायचंय.

सुरुवात मात्र जरा लांबून, आयर्लंडपासून करू.

आयर्लंड हा आपल्यासारखाच इंग्रजांच्या ताब्यात असलेला देश. तिथे हर्लिंग नावाचा एक फार जुना खेळ आहे. ॲशच्या लाकडाची चपटी काठी आणि लहानसा टणक चेंडू. आपल्या विटीदांडूला हॉकीचा वेग दिला तर कसं होईल, तसं काहीसं समजा. दुसरा खेळ गेलिक फुटबॉल, त्यात पायाबरोबर हातही चालतात. इंग्रजी खेळांपुढे हे देशी खेळ मागे पडत चालले, तेव्हा १ नोव्हेंबर १८८४ ला थर्ल्स नावाच्या गावातल्या एका हॉटेलात काही माणसं जमली आणि त्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन काढली. मायकेल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन ही त्यातली मुख्य नावं. जमलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. आज त्याच संघटनेचं डब्लिनमधलं क्रोक पार्क मैदान ८२ हजारांवर माणसं बसवतं.

त्यांनी काय केलं, ते नीट ऐका. आपल्या पंचक्रोशीसारखा तिथे चर्चचा परगणा असतो. साधारणपणे एका परगण्याचा एक क्लब. पोरगं जन्मलं की त्याचा क्लब ठरलेला. बाप त्याच क्लबातून खेळलेला, आजी तिथेच चहाची किटली सांभाळणारी, चुलता पोरांना शिकवणारा, आणि हे सगळं फुकट. मोठ्या सामन्याला ८० हजार लोकांसमोर खेळणारा गडीही सोमवारी शाळेत शिकवायला किंवा गायींची धार काढायला जातो. खेळण्याचा पगार नाही. म्हणजे घराणी तिथेही आहेत, आपल्यापेक्षा जास्तच असतील. पण मैदान, पोरांचे संघ, कारभार, हे सगळं क्लबाचं. एखाद्या घराण्यात पुढे कोणी खेळणारं उरलं नाही, तरी शेजारच्या घरातलं पोर त्याच मैदानावर काठी घेऊन उभं असतं.

हे त्यांना स्वस्तात मिळालेलं नाही. २१ नोव्हेंबर १९२० ला क्रोक पार्कात डब्लिन आणि टिपररी यांचा सामना चालू असताना सरकारी शिपायांनी गोळीबार केला. चौदा माणसं गेली. त्यात टिपररीचा खेळाडू मायकेल होगन होता. आज तिथल्या प्रेक्षकांच्या एका बाजूला त्याचं नाव आहे. खेळ म्हणजे गावाची इभ्रत, ही भावना तिथे अशी रुजली.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्या भागात जतरा म्हटली की शेवटच्या दिवशी कुस्त्यांची दंगल आलीच. सकाळी लेकरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग शंभर-पाचशेच्या, आणि उन्हं कलल्यावर शेवटची मानाची कुस्ती. हलगी वाजते, पैलवान फडात फेरी मारतो, एखादा म्हातारा उठून स्वतःच्या खिशातली नोट इनामावर चढवतो. हे बघून कुणालाही वाटेल की गाव कुस्तीवर जीव टाकतं. टाकतंही. पण वर्षातला एक दिवस. उरलेले ३६४ दिवस कुस्ती कोण सांभाळतं? पैलवानाचं घर.

खुराकाचं उदाहरण घ्या. कुस्तीतला खरा खर्च तिथे आहे. वाढत्या वयाच्या पोराला रोज दोन लिटर दूध दिलं, तर वर्षाचं ७३० लिटर होतं. पन्नास रुपयांनी धरलं तरी ३६,५०० रुपये. हे फक्त दूध झालं. त्यावर बदामाची थंडाई, तूप, अंडी, मटण. हिंगोलीतला तीन एकर सोयाबीन-तुरीवाला शेतकरी हा हिशेब कसा बसवतो, हे तोच जाणे. म्हणून म्हैस दारात असलेल्या घरातच पैलवान होतो अशी म्हण पडावी, इतकं हे ठरून गेलेलं आहे. आणि हे एक वर्ष नव्हे, आठ-दहा वर्षं चालवायचं. मधेच गुडघा गेला, की सगळं संपलं. विमा नाही, काही नाही.

त्यातून आपली माती. आपल्याकडे जमीन काळी, कापसाची. ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळते. तिच्यावर कुस्ती होत नाही. हौद्यासाठी लाल माती बाहेरून आणावी लागते. ती चाळायची, मग तिच्यात ताक, लिंबू, तेल, कापूर आणि हळद घालून मळायची. हळद एवढीच काय ती आपल्या घरची, आणि ती वसमत-हिंगोलीच्या बाजारात पोत्यांनी पडलेली असते! गंमत सोडा, पण हौदा वर्षानुवर्षे जिवंत ठेवायचा म्हणजे रोज कोणीतरी तो खणला पाहिजे, भिजवला पाहिजे. चार महिने हात लागला नाही की त्याची जमीन होते. गावोगावच्या तालमी अशाच गेल्या. कोणी बंद केल्या नाहीत. वस्ताद गेला, पोरगा पुण्याला कंपनीत लागला, माती दगड झाली, मग तिथे कोणीतरी कडबा रचला.

घराण्याच्या ताकदीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर हे त्यांचं गाव, जन्म १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, आणि खाशाबा पाच भावांतले धाकटे. कुस्तीचे पहिले धडे घरात मिळाले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बाकीचे गावकऱ्यांनी वर्गणी करून जमवले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या लावल्या, त्यातून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं कर्ज फेडलं.

या गोष्टीत बाप आहे, गाव आहे, मास्तर आहे. नाही ती संस्था. देशाच्या पदकासाठी एका शिक्षकाचं घर गहाण पडलं, याचा आपण अभिमान सांगतो. आमच्या मते त्यात अभिमानाइतकीच लाजही आहे. कुस्तीतलं भारताचं पुढचं ऑलिंपिक पदक २००८ ला आलं, सुशीलकुमारचं, म्हणजे छप्पन वर्षांनी. महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक पुन्हा यायला २०२४ चं पॅरिस उजाडलं, आणि तेही नेमबाजीत, स्वप्नील कुसाळेचं. मातीतून नाहीच.

कोणी म्हणेल, कोल्हापूरला तरी संस्था होत्या की. होत्या. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, खासबागचं मैदान बांधलं, १९१२ पासून ते वापरात आहे. पण मराठवाड्याचं काय? आपण निजामाच्या राज्यात. हिंगोली तर हैदराबाद कंटिंजंटची छावणी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे चार माणसं एकत्र येण्यावर सरकारची नजर. सभेला परवानगी, खासगी शाळेला परवानगी आणि आखाड्यालाही परवानगी. पोरं एकत्र येऊन दंड-बैठका काढतात याचंच सरकारला भय. म्हणजे पलीकडे राजा स्वतः मैदान बांधत होता, तेव्हा अलीकडे आखाडा हा संशयाचा विषय होता. आपल्याकडे कुस्ती घराच्या आडोशाने वाढली, त्याचं हे एक कारण दिसतं. आणि खेळाचं सगळं ओझं एकदा घरावर पडलं, की ते घरावरच राहतं. राज्य बदललं म्हणून ते आपोआप उतरत नाही.

तरी मराठवाड्याने माणसं दिली. लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार पुण्यात जाऊन वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे तयार झाला. राहुलचे वडील बाळासाहेब पैलवान, म्हणजे पुन्हा घराणंच. २०११ मध्ये बिराजदार गेले. वस्ताद मध्येच जाणं म्हणजे पैलवानाचं काय होतं, हे मातीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. राहुलचं नशीब असं की काका पवार होते. तेही लातूरकडचे आणि बिराजदारांच्याच परंपरेतले. राहुलने २०१८ ला राष्ट्रकुलात सुवर्ण घेतलं, २०१९ ला जागतिक स्पर्धेत कांस्य. आणि जानेवारी २०२० ची महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत आठवा. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही काका पवारांच्याच तालमीतले. जिंकल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून फिरवलं. तो फोटो सगळ्यांनी बघितला असेल.

इथे एक फरक बघा. बिराजदार गेले, पण शिकवण्याची साखळी तुटली नाही, कारण मधे तालीम होती. घराणं पोराला मातीपर्यंत आणतं. तिथून पुढे न्यायला तालीमच लागते. दुःख एवढंच की ती तालीम पुण्यात आहे. लातूर-बीडचं पोर तिथे पोहोचतं. सेनगाव-कळमनुरीचं किती पोहोचतं?

'आपल्याकडे संस्था टिकतच नाहीत' असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी इथून वाशिम-अकोल्याच्या गाडीने पलीकडे जावं, अमरावतीला. तिथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंत यांनी, हनुमान आखाडा सुरू केला. आज आपण त्याला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणतो. म्हणजे हेही एका घराचंच काम. पण त्यांनी आखाडा घरापुरता ठेवला नाही. बाहेरगावच्या पोरांसाठी वर्ग काढले, शिकवणारे तयार केले, तेच पुढे गावोगाव शाळांत गेले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुढच्या पिढीतले प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ ला पद्मश्री मिळाली. शंभर वर्षं उलटून गेली, आखाडा चालू आहे. कारण तिथे शिकायला वैद्यांच्या घरात जन्मावं लागत नाही.

घराण्याच्या कुस्तीत आणखी एक गोम आहे, ती स्पष्ट बोलू. बापाकडून लेकाकडे म्हणजे लेकाकडेच. लेकीकडे नाही. ज्या घरात तीन पिढ्यांचा कुस्तीचा अभिमान, त्याच घरातल्या पोरीला हौद्याच्या कडेलाही उभं राहू देत नव्हते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडलं, सांगलीत. जिंकली तीही सांगलीचीच, प्रतीक्षा बागडी. पुरुषांची स्पर्धा सुरू झाली होती १९६१ ला. तुलनेसाठी सांगतो, आयर्लंडमध्ये बायकांच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात आणि तिची संघटना १९०४ ची आहे. आणि त्याच २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे पुरुषांची महाराष्ट्र केसरी एकाच महिन्यात दोनदा झाली, एक धाराशिवला, एक पुण्याजवळ फुलगावला. संघटनेत दोन गट, म्हणून गदा दोन! यावर आम्ही काही बोलत नाही. जाणकार समोर बसलेत.

मग हिंगोलीत काय करता येईल? मोठ्या संकुलाची मागणी करायची तर करा. पण जे हातात आहे तिथून सुरुवात होऊ शकते. जतरेच्या दंगलीला गाव वर्गणी करतं. त्यातला बहुतेक पैसा शेवटच्या दोन-तीन मोठ्या कुस्त्यांवर जातो, आणि ती इनामं बाहेरगावचे नावाजलेले पैलवान घेऊन जातात. घेऊ द्यात, ती त्यांची मेहनत आहे. पण जतरा कमिटीने वर्गणीतला चौथा हिस्सा दंगलीआधीच बाजूला काढला, तर त्यात वर्षाची एक ट्रॅक्टर लाल माती, वस्तादाचं थोडंफार मानधन आणि पाच-सहा लेकरांचं दूध बसतं. हिशेब देवळाच्या भिंतीवर लावायचा. तालमीची जागा वस्तादाच्या नावावर नको, गावाच्या नावावर हवी. एक वेळ पोरींची, सकाळची का संध्याकाळची, ते त्यांनाच विचारा. मॅट परवडत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी चार गावांनी मिळून एक घ्यावी, कारण मातीवर कितीही घोटलं तरी पुढच्या स्पर्धा मॅटवरच होतात.

आणि रेवड्यांच्या कुस्त्या कमी करू नका. वेळ जातो म्हणून हल्ली काही ठिकाणी त्या उरकून टाकतात. ज्या लेकराच्या घरात कोणी पैलवान नाही, ते फडात उतरतं ते तिथेच.

प्रश्न असतील तर घेऊ. मागच्यांनी जरा पुढे या, माइक तिथपर्यंत पोहोचत नाही.