हळद पिवळी, नवरी निळी?

जळकोटहून नळदुर्गचा किल्ला जवळच. पावसाळ्यात पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात तेव्हा ढगाळ उजेडाचा रंग साधारण ६५०० केल्विनचा असतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ५५०० च्या ‘डेलाइट’वर राहिला तर किल्ल्याचा काळा दगड निळसर येतो. तिथे ‘क्लाउडी’ निवडा.

खरी परीक्षा हळदीला. सगळीकडे पिवळंच दिसलं की ‘ऑटो’ला वाटतं उजेडच पिवळा आहे, मग तो निळा मिसळतो आणि हळद फिकी पडते. त्यात मांडवाचं कापड लाल-पिवळं असेल तर गाळून येणारा उजेडही रंगीत. अशा वेळी तयार सेटिंगचा उपयोग नाही. नवरीच्या चेहऱ्याजवळ राखाडी कार्ड धरून ‘कस्टम’ घ्या. कार्डाऐवजी मामांची पांढरी गांधी टोपी मात्र नको. ती नीळ घातलेली असते!

केल्विन फसवतो. जुना पिवळा बल्ब २८०० च्या आसपास, सावली ७००० च्या पुढे; म्हणजे आकडा वाढला की उजेड निळा. पण कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, कारण कॅमेरा भरपाई करतो.

चुकलंच तर रॉ फाइलमध्ये नंतर दुरुस्त करता येतं. जेपेगमध्ये फारच थोडं.