वसईची थंडी आणि गुलमर्गचा बर्फ

जानेवारीत एखादी सकाळ अशी येते की वसई-विरारमध्ये कपाटातले स्वेटर बाहेर निघतात आणि पहाटेच्या लोकलच्या दारात उभं राहवत नाही. ही थंडी येते कुठून? स्कीइंगची सहल आखणाऱ्यानं तर हे जाणून घ्यायलाच हवं. कारण बऱ्याचदा त्याआधी काश्मीरमध्ये बर्फ पडून गेलेला असतो!

आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो. काश्मीरमधल्या गुलमर्गचा बर्फ मात्र निघतो थेट भूमध्य समुद्राकडून. हिवाळ्यात तिथे कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि खूप उंचावरून वेगानं वाहणारे पश्चिमी वारे त्यांना इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाकडे ढकलत नेतात. हेच ते पश्चिमी झंझावात. डोंगर आडवे आले की ही दमट हवा वर चढते, गारठते आणि बाष्पाचे षटकोनी स्फटिक होऊन खाली उतरू लागतात. झंझावात पुढे सरकला की मागून उत्तरेचे कोरडे, गार वारे सुटतात आणि कधीकधी वसईपर्यंत पोचतात. हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रावर जन्मलेली एक घडामोड गुलमर्गला बर्फ देते, आपल्याला हुडहुडी!

मग जायचं कधी? नाताळची सुट्टी मोह घालते, पण तेव्हा बर्फाचा थर बहुधा नुकता धरू लागलेला असतो. काश्मिरी लोकांनी थंडीचे हिशेब फार पूर्वीच मांडून ठेवलेत. 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलां, मग 20 दिवस चिल्लई खुर्द, शेवटी 10 दिवस चिल्लई बच्चा. पहिल्या चाळीस दिवसांतला बर्फ सहसा वितळत नाही, थरावर थर चढत जातो. म्हणून जानेवारीची अखेर आणि फेब्रुवारी हे दिवस सर्वांत भरवशाचे. तरी झंझावात कुणाचा बांधील नसतो. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, तर 2025 मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तेव्हा तारखा थोड्या मागेपुढे करता येतील अशी सोय ठेवाच.

आता उंची पाहा. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर. तिथला गोंडोला, म्हणजे रज्जुमार्गाचा पाळणा, दोन टप्प्यांत, मधल्या कोंगडोरीवरून, अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत नेतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे पाळण्यात बसल्या बसल्या आपण आठ-नऊ अंश थंडीत शिरतो! वरचा बर्फ कोरडा, भुसभुशीत. अशा ताज्या बर्फात नव्वद टक्के तर हवाच असते.

मग स्कीवरचा माणूस त्यात रुतत कसा नाही? पावसाळ्यात चिखलावर फळी टाकून आपण पलीकडे जातो, तेच तत्त्व इथे. दोन स्कींचं क्षेत्रफळ दोन बुटांच्या साधारण पाचपट, त्यामुळे बर्फावरचा दाब पाचवा हिस्सा.

आणि घसरतो कसा? वजनाच्या दाबानं बर्फ वितळतो, असं दीर्घकाळ मानलं जाई. पण स्कीचा दाब त्याला पुरतच नाही! खरं गुपित बर्फाच्या पृष्ठभागात आहे. तिथले रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट जखडलेले नसतात, आणि घर्षणाची ऊब त्यांना आणखी सैल करते. स्की आपल्यापुरतं वंगण जागेवरच तयार करत पुढे जाते. थंडी अतोनात वाढली की हे वंगण आटतं आणि बर्फ चक्क वाळूसारखा अडवू लागतो. म्हणजे घसरण्यासाठी थंडी हवी, पण अती नको!

पोचणंही आता एक नवल झालंय. जून 2025 पासून कटरा-श्रीनगर रेल्वे धावते, नदीपात्रापासून 359 मीटर उंचीवरच्या चिनाब पुलावरून. रेल्वेनं टप्प्याटप्प्यानं श्रीनगर गाठा, तिथून टंगमर्गमार्गे गुलमर्ग. पहिल्यांदा जाणाऱ्यानं वरच्या टप्प्याची घाई करू नये. गुलमर्गच्या पठाराजवळच्या सौम्य उतारांवर, प्रशिक्षकाच्या हाताखाली, आधी थांबायला शिकावं. अफरवटच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका असतो, त्यामुळे तिथला इशारा रोज वाचावा.

तिकीट काढण्याआधी हवामान खात्याचं उपग्रहचित्र मात्र जरूर उघडा. इराणवरून सरकणारा पांढरा पट्टा दिसला, तर आपल्या सुट्टीचा बर्फ वाटेला लागलाय!