रेघेची जाडी ठरवायची कुठे?

छापील नकाशात कापलेली भिंत ठळक, तिच्यामागची पायरी बारीक आणि फरशीचे सांधे त्याहून बारीक दिसले, तरच पुढचं काय नि मागचं काय ते कळतं. कागदावर त्यासाठी पेन बदलत, 0.25, 0.35, 0.5, 0.7 मिलिमीटर या क्रमात प्रत्येक जाडी आधीच्या सुमारे 1.4 पट. रेव्हिट या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघेला 1 ते 16 पैकी पेनचा क्रमांक देतात आणि मॉडेलच्या रेघांसाठी त्या क्रमांकाची खरी जाडी स्केलनुसार कोष्टकातून ठरते. 1:50 ला नेटका दिसणारा जिना 1:200 ला काळा गोळा होऊ नये, ही सोय तिथेच आहे.

म्हणूनच जाडी ‘ऑब्जेक्ट स्टाइल्स’मध्ये वर्गवार ठरवावी आणि दृश्यागणिक लागणारे फरक ‘व्ह्यू टेम्पलेट’मध्ये ठेवावेत. घाईच्या वेळी एकेका भिंतीवर उजवं बटण दाबून जाडी बदलणं सोपं, असं कुणी म्हणेल. खरंच सोपं आहे, आणि एखाद्या अपवादाला चालतंही. पण तो बदल त्या एकाच दृश्यापुरता असतो; शेजारच्या छेदात तीच भिंत जुन्याच जाडीची राहते आणि कुठे काय बदललं याची यादी कुणाकडेच नसते. पडद्यावर सगळ्याच रेघा सारख्या दिसल्या तर आधी ‘थिन लाइन्स’ बंद करून पाहा. त्याचा छपाईशी संबंध नाही. खरी पारख मात्र पूर्ण आकारात छापलेल्या कागदावरच करा.