बादली कोणाची?

पहाटे ५.१५

दोन कुलपं, अलार्मचा आकडा, मग दिवे. इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या आमच्या गावात नोव्हेंबरात या वेळी रस्त्यावर मी आणि एखादा कोल्हा, एवढेच असतो.

मी लेजर सेंटरची ड्यूटी मॅनेजर. एका छपराखाली २५ मीटरचा तलाव, पोरांचा छोटा तलाव, जिम आणि चार बॅडमिंटन कोर्टांचा हॉल. इमारत काउन्सिलची, चालवते आमची संस्था. पाटीवर वर काउन्सिलचं बोधचिन्ह, खाली आमचं. तक्रार करायला येणारा माणूस पाटी वाचत नाही.

हॉलचे दिवे लावले, तर चार नंबरच्या कोर्टावर ताटाएवढं पाणी. वर बघितलं. छपराच्या सांध्याशी एक थेंब भरत होता, भरत होता, आणि पडला. फरशी पुसली, बादली ठेवली. टप्.

५.४०

तळघरात प्लँट रूम. तलावाचं पाणी नळीत घ्यायचं, त्यात गोळी चुरडायची. पाणी गुलाबी होतं आणि यंत्र आकडा सांगतं : क्लोरीन १.४, पीएच ७.३. छान. दुसऱ्या गोळीने कळतं, क्लोरीन घामालघवीशी किती बांधला गेलाय. ‘क्लोरीनचा फार वास येतो हो’ असं लोक म्हणतात, तो वास या बांधल्या गेलेल्याचा असतो. म्हणजे वास पोहणाऱ्यांनीच आणलेला. हे काउंटरवर सांगायचं नसतं.

हायपोक्लोराइट आणि ॲसिड सवतींसारखे वेगळ्या खोल्यांत. दोघं एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू. कुठल्या पिंपात काय ओतायचं, हे मी रोज करत असूनही दरवेळी मोठ्याने वाचते.

मग तलावावरचं आच्छादन गुंडाळायचं. २०२२ साली गॅसचे भाव भडकले तेव्हापासून रात्री ते न विसरणं ही आमची संध्याआरती झाली आहे.

६.३०

दार उघडायच्या आधीच बाहेर सात जण उभे असतात. प्रत्येकाचा हूक ठरलेला, लॉकर ठरलेला. खरी भांडणं मधल्या लेनमध्ये होतात. सावकाश पोहणारे तिथे आपण वेगात आहोत म्हणून शिरतात आणि वेगात पोहणारे विनय दाखवायला.

सत्तरी ओलांडलेले एक आजोबा काठाला धरून रोज पाण्याचं तापमान जाहीर करतात. आज म्हणाले, “माझा तलाव गार झालाय.”

“अठ्ठावीस आहे.”

“डेव्हनला, एक्समथमध्ये, काँप्युटरच्या उष्णतेवर तलाव तापवतात म्हणे. २०२३ पासून. तुम्हाला काय धाड भरलीये?”

बातमी खरी आहे. ‘माझा तलाव’ म्हणण्याबद्दल मात्र मी त्यांना कधी टोकलं नाही.

८.००

मेल. विषय : छप्पर. आमच्या करारात दिवे, नळ, फरशा आमच्याकडे. छप्पर, भिंती आणि बॉयलर काउन्सिलकडे. थेंब छपरातून निघून फरशीवर पडला की तो काउन्सिलचा की आमचा, यावर गेल्या हिवाळ्यात बारा मेल झाले.

असा दुहेरी संसार मुळात आला कुठून? १९८८च्या कायद्याने काउन्सिलांना एकेक काम निविदा काढून द्यायला लावलं, आणि तरणतलावही लवकरच त्यात ओढले गेले. १९९३ मध्ये लंडनच्या ग्रिनिच काउन्सिलकडे पैसे उरेनात, तेव्हा तिथली केंद्रं चालवायला कर्मचाऱ्यांच्या मालकीची जीएलएल ही संस्था निघाली. आज ती गावोगाव केंद्रं चालवते. मग ही वाट रुळली. चालवणारी संस्था धर्मादाय असेल तर इमारतीच्या व्यापारी करात ८० टक्के सूट मिळते, हेही एक कारण. २०२३ मध्ये करखात्याने मान्य केलं, की काउन्सिलने स्वतः चालवलेल्या अशा सेवेच्या तिकिटावर व्हॅट लागत नाही. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी संस्था काउन्सिलची एजंट म्हणून काम करते. गल्ला काउन्सिलचा, आम्ही मुनीम.

बादली बदलली.

१०.००

शाळेची बस. प्राथमिक शाळा सोडण्याआधी प्रत्येक मुलाने २५ मीटर पोहावं, असं इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे. प्रत्यक्षात अर्ध्या तासातली दहा मिनिटं मोजे काढण्यात जातात.

मी पोहायला शिकले ती सातारा जिल्ह्यात, मामाच्या विहिरीत. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक मामाच्या हातात. लाइफगार्डचा दाखला छत्तिसाव्या वर्षी इथे घेतला. दर दोन वर्षांनी परीक्षा. नियम : दहा सेकंदांत आपल्या वाट्याचं सगळं पाणी नजरेखालून गेलं पाहिजे, वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. मामाला हा नियम कोणी शिकवला नव्हता, पण दोर त्याने कधी ढिला सोडला नाही.

एक मुलगी आज पहिल्यांदा काठ सोडून निघाली. चार हात मारले, नाकात पाणी गेलं, पण मागे फिरली नाही.

११.१०

छोट्या तलावात आयांचा आणि बाळांचा वर्ग. वॉकीटॉकीवर लाइफगार्डचा दबलेला आवाज : “जरा या.”

शी. अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा : घट्ट की पातळ? घट्ट असेल तर जाळीने उचला, क्लोरीन तपासा, थोड्या वेळाने पुन्हा गाणी सुरू. पातळ असेल तर क्रिप्टोस्पोरिडियमची भीती. हा जंतू क्लोरीनला दाद देत नाही. मग सगळं पाणी सहा वेळा गाळणीतून फिरेपर्यंत तलाव बंद. म्हणजे संध्याकाळचे पोहण्याचे वर्ग रद्द, आणि आमची चूल पेटते ती त्याच वर्गांवर.

मी वाकून बघितलं. घट्ट. आयुष्यात कशाकशाने हायसं वाटेल, सांगता येत नाही.

दुपारी १.००

काउन्सिलच्या कॉन्ट्रॅक्ट ऑफिसर बाई आल्या. महिन्याची बैठक : किती लोक आले, सवलतीची कार्डं किती, डॉक्टरांनी व्यायामाला पाठवलेले किती जण टिकले. आकडे चांगले होते. मग मी त्यांना हॉलमध्ये नेलं. आम्ही दोघी बादलीभोवती उभ्या राहिलो, विहिरीत डोकावल्यासारख्या.

त्यांनी फोटो काढला. “पुढच्या वर्षाच्या यादीत टाकते.”

“यादीत गेल्या वर्षीही होतं.”

त्यांनी लपवाछपवी केली नाही. वृद्धांची देखभाल, मुलांचं संरक्षण कायद्याने करावंच लागतं. ग्रंथालयसुद्धा चालवावं लागतं. तलाव चालवावा असं मात्र कायदा कुठेच म्हणत नाही. पैसे आटले की जे बंधनकारक नाही तिथे आधी कात्री लागते. २०२३ मध्ये सरकारने तलावांसाठी ६ कोटी ३० लाख पौंड दिले, पण ते वीज-गॅसचा भार हलका करायला. बादलीसाठी नाही.

चहा पिऊन त्या निघाल्या. दाराशी थांबून विचारलं, “शनिवारी लेकीच्या वर्गात जागा आहे का?”

२.००

दुसऱ्या मॅनेजरच्या हाती किल्ल्या. वहीत नोंद : ‘कोर्ट ४ बंद. बादली दर दोन तासांनी.’

रात्री ८.३०

आता मी गिऱ्हाईक. दर गुरुवारी आमचा मराठी ग्रुप दोन कोर्ट घेतो : तीन आयटीवाले, एक दंतवैद्य, एक नर्स, माझा नवरा आणि मी. आज बुकिंगमधलं एक कोर्ट चार नंबरचं निघालं, म्हणून सगळ्यांची एका कोर्टावर दाटी. पैसे परत मिळतील का, हे मीच मला विचारत होते.

“वहिनी, तुमचं छप्पर गळतंय,” दंतवैद्य म्हणाले.

“आमचं नाही, काउन्सिलचं.”

“आणि काउन्सिलला दरमहा टॅक्स कोण भरतं? मीच ना?”

“मीही भरते.”

तेवढ्यात कोणाचा तरी स्मॅश बाहेर गेला आणि फूल थेट बादलीत. ते ओलं पिसांचं फूल काढताना बघितलं, तर बादली काठोकाठ. काउंटरवर पोरगा एकटाच, समोर रांग. मी बादली उचलली आणि नेऊन मोरीत ओतली.

परत आले तर दंतवैद्य चार नंबरच्या कोर्टावर मॉप फिरवत होते. मॉप कुठे असतो, हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.