मातीतलं सीझियम नेमकं कुठलं?

समजा, तुम्ही मातीचा नमुना तपासला आणि त्यात सीझियम-137 सापडलं. हे अणुविखंडनातून तयार होतं. मग शेजारच्या बंद अणुभट्टीकडे लगेच बोट दाखवायचं का? जरा थांबा.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या वायव्येला, डोंगरावर सांता सुसाना फील्ड लॅबोरेटरी आहे. तिथे रॉकेट इंजिनांच्या चाचण्या व्हायच्या आणि अणुभट्ट्याही चालायच्या. जुलै 1959 मध्ये त्यातल्या एका भट्टीत थंड ठेवणाऱ्या सोडियमच्या वाटा तुंबल्या आणि 43 पैकी 13 इंधन-संच खराब झाले. लोकांसमोर हे प्रकरण खऱ्या अर्थाने आलं ते 1979 मध्ये.

सीझियम-137चं अर्धायुष्य साधारण 30 वर्षं. म्हणजे 1959 मध्ये मातीत पडलेल्यापैकी पाव हिस्सा 2019 मध्येही शिल्लक होता. पण खरी गोम पुढेच आहे. 1950-60च्या दशकांत हवेत झालेल्या अणुबॉम्ब चाचण्यांमुळे हेच सीझियम जगभर पडलं. आपल्याकडच्या मातीतही त्याचा अंश आहे. मग भट्टीचं कुठलं आणि बॉम्बचं कुठलं?

यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आधी दूरच्या, पण तशाच खडकावरच्या जागांची माती मोजली. ही झाली ‘पार्श्वभूमी पातळी’. मग भट्ट्यांच्या भागातले नमुने तिच्याशी ताडून पाहिले. शेकडो नमुने या पातळीच्या वर निघाले, त्यात सीझियम-137 मुख्य होतं.

तुलनेची जागा निवडताना घाई केली तर सगळंच फसतं. सीझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतं, म्हणून न हललेल्या जमिनीत ते वरच्या काही सेंटिमीटरमध्येच राहतं. नांगरलेल्या जमिनीत ते खाली मिसळतं आणि वरच्या थरात कमी दिसतं. अशी जमीन तुलनेला घेतली, तर स्वच्छ जागाही दूषित ठरेल.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. 2010च्या करारानुसार ऊर्जा विभाग आणि नासाने आपल्या वाट्याची माती पार्श्वभूमी पातळीपर्यंत स्वच्छ करायची आहे. त्यामुळे किती माती उचलायची, हे तो एक आकडा ठरवतो. डोंगराच्या पायथ्याशी माणसं राहतात, त्यांच्यासाठी तो आकडा फार मोठा आहे.

पहिल्या वर्षी मी नमुने भराभर गोळा केले आणि तुलनेचे नमुने ‘नंतर बघू’ म्हणत राहिलो. गाइडनी एकच विचारलं, “जास्त, पण कशापेक्षा?” उत्तर नव्हतं. तुमच्या प्रस्तावात या प्रश्नाचं उत्तर आधी लिहा. उपकरण त्यानंतर.