गणिताचे वाचन आणि आंतरजालावरील पाठ्यपुस्तके



गणिताच्या तासाला वाचायला शिकवावे लागते, हे विधान पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. वाचन हा भाषाशिक्षकांचा प्रांत आणि आकडेमोड गणिताच्या मास्तरांची, अशी वाटणी आपण मनाशी पक्की केलेली असते. परंतु हे साधे उदाहरण पाहा. 'राधाजवळ १२ गोट्या आहेत. त्या मीनाजवळच्या गोट्यांपेक्षा ५ ने अधिक आहेत. तर मीनाजवळ किती गोट्या?' 'अधिक' हा शब्द दिसताच अनेक मुले बेरीज करतात आणि १७ लिहून मोकळी होतात. त्यांना वजाबाकी येत नाही असे नाही. 'त्या' म्हणजे कोणाच्या गोट्या, हे त्यांनी वाचलेलेच नसते. अशा मुलाकडून वजाबाकीची आणखी पन्नास उदाहरणे घोटून घेतली तरी हाती काही लागत नाही.

इंदूरच्या मराठी घरांत ही अडचण अधिक गुंतागुंतीची होते. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. आजीचा काटकोन त्रिकोण हिंदी पुस्तकात 'समकोण त्रिभुज' होतो, अपूर्णांक 'भिन्न' होतो, छेदाचा 'हर', मूळ संख्येची 'अभाज्य संख्या' आणि मुद्दलाचे 'मूलधन' होते. अनोळखी शब्द निदान अनोळखी म्हणून समोर येतो. मूल थांबते, विचारते. घात करतात ते ओळखीचे शब्द. 'भिन्न' मराठी कानाला 'वेगळे' एवढेच सांगतो. 'वर्ग' म्हटले की आपल्याला संख्येचा वर्ग आठवतो, फार तर शाळेतली खोली. हिंदी भूमितीत मात्र वर्ग म्हणजे चौरस.

याहून सूक्ष्म अडचण एका अक्षराची आहे. हिंदीतील 'से' पाहा. '१५ से ४ अधिक' येथे त्याचा अर्थ 'पेक्षा'; '१५ से भाग दीजिए' येथे 'ने'; '१५ से ४० तक' येथे 'पासून'; आणि '१५ में से ४ घटाइए' येथे 'में'च्या सोबतीने तो 'मधून' होतो. मराठीने जी कामे चार शब्दांना वाटून दिली, ती हिंदीत एकटा 'से' करतो. हिंदी सफाईने बोलणारे आपले मूलही गणितातील वाक्यात या ठिकाणी अडखळते, आणि आपण म्हणतो, त्याचे गणित कच्चे आहे.

संख्यानामांची कथाही अशीच. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला. गणित समितीच्या अध्यक्ष कै. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : आपण २१ लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणताना मात्र एक आधी म्हणतो, त्यातच जोडाक्षरांची भर. दक्षिणेकडील भाषांत दशक आधी उच्चारतात. वाद भाषेच्या अभिमानावर गेला आणि वाचनाचा मुद्दा मागे पडला, याचे मला वाईट वाटते. 'एकवीस' सोडावे असे मला मुळीच वाटत नाही. पण तो शब्द अवघड का जातो, हे शिक्षकाला ठाऊक हवे. आमच्या इंदुरी मुलाला तर ८९ मराठीत 'एकोणनव्वद' म्हणजे नव्वदाला एक कमी, हिंदीत 'नवासी' म्हणजे ऐंशीवर नऊ, आणि इंग्रजीत 'एटी नाइन' असे तीन वाटांनी भेटते.

या ठिकाणी आंतरजालाचा उपयोग मला दिसतो, आणि तो चलच्चित्रांपेक्षा पुस्तकांत अधिक दिसतो. बालभारती एकाच इयत्तेचे गणित मराठी, हिंदी व इंग्रजी माध्यमांत प्रसिद्ध करते आणि ती पुस्तके तिच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. एनसीईआरटीची पुस्तकेही हिंदी व इंग्रजीत तशीच मिळतात. प्रकरण तेच, आकृती तीच, उदाहरणातील आकडे तेच. बदलते ती फक्त भाषा. पूर्वी परप्रांतातील क्रमिक पुस्तक मिळवणे म्हणजे पुण्याच्या पाहुण्याला गळ घालणे होते.

अशी दोन-तीन पाने शेजारी ठेवावीत आणि लेखणी उचलू नये. काय दिले आहे, काय विचारले आहे, हे मुलाने तिन्हींत अधोरेखित करावे. 'से' असेल तेथे मराठी पानावर त्याच्या जागी कोणता शब्द आला ते शोधावे. मग पुस्तक मिटून ते उदाहरण घरच्या भाषेत सांगावे. सांगता आले तर रीत बहुधा आपोआप सुचते. नवे शब्द वहीत तीन स्तंभांत उतरवावेत, शेजारी आकृती काढावी. 'चौरस, वर्ग, स्क्वेअर' यांच्यापुढे ▢ असले की व्याख्येचे निम्मे काम झाले. तासाला एक उदाहरण पुरे.

खान अकादमीचे हिंदी पाठ किंवा २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या व्यासपीठावरील साहित्य मी टाकाऊ मानत नाही. पण निवेदक उदाहरण वाचून दाखवतो, तेव्हा मुलाचे वाचन तोच करून टाकतो. म्हणून ते पाठ पान वाचून झाल्यावर पाहावेत. यांत्रिक भाषांतरापासूनही जपावे. 'भिन्न'चे 'वेगळे' तेथेही होऊ शकते.

प्रत्येक घरी संगणक असावा लागत नाही. शाळेने पान एकदा उतरवून छापले की ते दप्तरात बसते. मराठी पान संध्याकाळी आजीपुढे ठेवावे. हिंदी पानावरचे 'मूलधन' आणि 'ब्याज' तिने शाळेत वाचले नसेल. मुद्दल आणि व्याज मात्र तिने आयुष्यभर सांभाळले आहे, आणि ते नातवाला समजावून सांगायला तिला कोणाचीही मदत लागणार नाही.