कोरियाला निघण्याआधी: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी असेल, तर परदेशवारीचा विषय निघाल्यावर सिंगापूर किंवा युरोपऐवजी ‘सोल’ हे उत्तर येण्याची शक्यता आता बरीच आहे. बीटीएस या कोरियन बँडची गाणी तिला पाठ असतात आणि हांगुल लिपी ती मोबाइलवरून शिकलेली असते. मात्र मुलांना कोरिया पडद्यावरून ठाऊक असतो आणि पालकांना ऐकीव माहितीवरून. त्यामुळे गैरसमज दोन्हीकडे असतात. ते घरीच दूर झाले, तर पैसा वाचतो आणि मुलांचा हिरमोडही टळतो.

गैरसमज १: के-ईटीएचा ऑनलाइन अर्ज भरला की काम झालं.

वस्तुस्थिती: के-ईटीए ही ज्यांना व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठीची परवानगी आहे. भारतीय पासपोर्टवर दक्षिण कोरियाला जायला रीतसर व्हिसाच लागतो. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांना त्यासाठी मुंबईतल्या कोरियन वाणिज्य दूतावासाची प्रक्रिया पाहावी लागते. बँकेचं विवरण आणि प्राप्तिकराची कागदपत्रं लागतात. अल्पवयीन मुलांसाठी जन्मदाखला तयार ठेवा. आईवडिलांपैकी एकच सोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्रही जवळ असू द्या.

‘जेजूला व्हिसा लागत नाही’ हे अर्धसत्य आहे. परदेशातून थेट जेजू बेटावर उतरलात, तर 30 दिवसांपर्यंत व्हिसाविना राहता येतं, पण त्या आधारावर सोलला जाता येत नाही. म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारी विमानाची किंवा कार्यक्रमाची तिकिटं काढू नका.

गैरसमज २: चेरीचा बहर हुकला की सहल वाया.

वस्तुस्थिती: सोलमध्ये हा बहर साधारण एप्रिलच्या सुरुवातीला येतो आणि थोडेच दिवस टिकतो. तेव्हा आपल्याकडे बहुतेक शाळांच्या परीक्षा चालू असतात. पण मे महिना तिथे वसंताचा, फिरायला उत्तम. बुद्धजयंतीही बहुतेकदा मे महिन्यातच येते. त्या सुमारास सोलच्या रस्त्यांवरून कागदी कंदिलांची मोठी मिरवणूक निघते. या उत्सवाला 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर झाडांची पानं लाल-पिवळी झालेली दिसतील. टाळायचा काळ म्हणजे जूनअखेर ते जुलैअखेर, कारण तेव्हा तिथेही पावसाळा असतो.

गैरसमज ३: कंपनीच्या इमारतीबाहेर थांबलं की आवडते कलाकार दिसतात.

वस्तुस्थिती: हा गैरसमज मुलांचा, आणि सर्वांत जास्त दुखावणारा. हाइब, एसएम, जेवायपी या संगीत कंपन्यांच्या कार्यालयांत चाहत्यांना सोडत नाहीत. हाइबचं ‘हाइब इनसाइट’ हे संग्रहालय 2021 मध्ये सुरू झालं आणि जानेवारी 2023 मध्ये बंदही झालं, तरी जुने व्हिडिओ पाहून लोक अजून त्याची चौकशी करतात. दर आठवड्याला चित्रित होणाऱ्या संगीत कार्यक्रमांच्या बहुतेक जागा चाहता-मंडळांच्या सदस्यांकडे जातात. मैफलीचं तिकीट काढताना जो आत जाणार त्याच्या पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं भरा, दारात ओळख तपासली जाऊ शकते.

मग चाहत्यांनी पाहायचं काय? पुष्कळ आहे. सोलच्या हाँगदे आणि हापजोंग भागांत एखाद्या कलाकाराच्या वाढदिवसाला चाहतेच एखादं कॅफे काही दिवसांसाठी सजवतात. भिंतीभर फोटो, फुगे, केक, आणि कॉफी घेतली की कपाभोवती त्या कलाकाराचं चित्र छापलेला कागदी पट्टा. तो पट्टा जपून ठेवायला मुली दूरदूरहून येतात. आत जायला एखादं पेय विकत घेतलं की पुरतं. गंगनुंगच्या किनाऱ्यावर बीटीएसच्या अल्बमच्या छायाचित्रातला बसथांबा आहे. छायाचित्रणानंतर तो काढून टाकला होता, शहराने तो पर्यटकांसाठी पुन्हा उभारला. सोलहून वेगवान रेल्वेने गंगनुंगला साधारण दोन तासांत पोहोचता येतं.

गैरसमज ४: जुन्या घरांचं बुकचोन म्हणजे मालिकेचा सेट.

वस्तुस्थिती: बुकचोनच्या गल्ल्यांत माणसं राहतात, त्यांची मुलं तिथून शाळेत जातात. पर्यटकांच्या गोंगाटाला रहिवासी इतके कंटाळले, की तिथल्या सर्वाधिक गर्दीच्या भागात पर्यटकांना आता फक्त सकाळी 10 ते संध्याकाळी 5 या वेळेत फिरता येतं. मार्च 2025 पासून नियम मोडणाऱ्याला 1,00,000 वॉनपर्यंत दंड आहे. हानबोक या पारंपरिक वेशात मनसोक्त फोटो काढायचे असतील, तर ग्योंगबोकगुंग राजवाड्यात जा. हानबोक घातलेल्यांना तिथे प्रवेश मोफत आहे. राजवाडा मंगळवारी बंद असतो, हे मात्र लक्षात ठेवा.

गैरसमज ५: किमची म्हणजे भाजी, ती शाकाहारीच.

वस्तुस्थिती: पारंपरिक किमचीत कोबीला मिरची-लसणाबरोबर माशाचा अर्क आणि खारवलेली कोळंबी लावलेली असते. तोकबोक्कीतले तांदळाचे तुकडे शाकाहारी असले, तरी रस्सा बहुधा सुकवलेल्या मासळीचा असतो. किमबाप या भाताच्या गुंडाळीत अंडं, हॅम किंवा खेकड्याच्या चवीचे माशाचे तुकडे निघतात.

पण म्हणून उपाशी राहायची वेळ येत नाही. बौद्ध मठांच्या परंपरेतलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, त्यात कांदा-लसूणही नसतो. सोलमध्ये जोग्येसा मंदिरासमोरच अशा जेवणाचं ‘बालू गोंग्यांग’ हे उपाहारगृह आहे. मुळा, बटाटा चालत नसलेल्या जैन कुटुंबांनी मात्र विचारूनच जेवावं. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानांत तयार भाताची डबी मिळते, ती मायक्रोवेव्हमध्ये गरम करता येते. सोबत घरचं मेतकूट आणि लोणचं असलं की प्रश्नच नाही. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं इथून नेऊ नका, तिथे त्यांना बंदी आहे.

गैरसमज ६: सुरक्षित देश आहे, मुलांना मोकळं सोडलं तरी चालेल.

वस्तुस्थिती: देश सुरक्षित आहे, पण नियम माहीत हवेत. गाण्याच्या खोल्या आणि गेमिंगची दुकानं इथे मुलांना रात्री 10 नंतर एकट्याने प्रवेश नसतो. पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 119 आणि पर्यटकांच्या मदतीसाठी 1330 हे क्रमांक मुलांच्या मोबाइलमध्ये घालून द्या. रस्ता शोधायला गूगल मॅपवर विसंबू नका. नकाशांची तपशीलवार माहिती देशाबाहेर न्यायला तिथे अनेक वर्षं निर्बंध होते, त्यामुळे स्थानिक लोक नेव्हर किंवा काकाओचे नकाशे वापरतात. मेट्रो आणि बससाठी प्रत्येकाचं वेगळं टी-मनी कार्ड घ्या.

गैरसमज ७: ही पोरांची सहल, मोठ्यांना तिथे काय?

वस्तुस्थिती: सोलमधल्या योंगसानच्या राष्ट्रीय संग्रहालयात कायमस्वरूपी दालनं मोफत पाहता येतात, आणि वाघ-पक्ष्यांची जी चित्रं मुलांना ‘के-पॉप डेमन हंटर्स’ या चित्रपटामुळे आवडू लागली त्यांची परंपरा किती जुनी आहे ते कळतं. उत्तर कोरियाच्या सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्यालाही सोलहून एका दिवसात जाऊन येता येतं, मूळ पासपोर्ट मात्र सोबत लागतो.

त्या पट्ट्याशी मराठी माणसाचं थेट नातं आहे. 27 जुलै 1953 च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणाऱ्या हजारो युद्धकैद्यांची देखरेख तिथे भारतीय सैन्याने केली. त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरचे. दोन्ही बाजूंचा संशय आणि कैद्यांची दंगल सांभाळत, अतिशय संयमाने त्यांनी ती जबाबदारी निभावली. ज्या मुलीने तुम्हाला बीटीएसमधल्या सातही जणांची नावं शिकवली, तिला थोरातांची गोष्ट तुम्ही सांगा.

शेवटी पालकांना एक आग्रहाची विनंती. मुलांच्या आवडीला खूळ म्हणून बाजूला सारू नका आणि सगळा कार्यक्रम त्यांच्यावर सोपवूनही मोकळे होऊ नका. व्हिसा, विमान आणि मुक्काम तुम्ही पाहा. सहलीतला एक पूर्ण दिवस मात्र मुलीच्या हाती द्या: ठिकाणं, रस्ता, जेवण आणि ठरवून दिलेला खर्च, सगळं तिचं. पाट्या वाचायचं कामही तिलाच द्या. ज्या देशाचं तिला वेड आहे, त्या देशात घरच्यांना वाट दाखवण्याचा मान तिला मिळू द्या.